मोफत नव्हे, सोडा

तो दुकानात शिरला तेव्हा बाहेर ऊन होतं आणि पाऊसही होता. ऑकलंडमध्ये हे असंच चालतं, कुणी मान वर करून बघतही नाही. शनिवारची दुपार होती आणि ओटाहुहुच्या आमच्या फार्मसीत मी काउंटरमागे एकटीच होते. त्याने केसांतलं पाणी झटकलं, "किया ओरा" असा माओरी नमस्कार केला आणि मनगटाला गुंडाळायची पांढरी टेप मागितली. मी रोल पुढे केला... आणि माझी नजर त्याच्या मनगटावर गेली. तिथे आधीच एक टेप होती, आणि तिच्यावर जाड मार्करने, पहिलीतल्या पोराच्या अक्षरात लिहिलं होतं — मोफत.

मला हसू आवरेना.

"काय मोफत आहे?" मी मराठीतच विचारलं.

तो दचकला. "तू मराठी आहेस?"

मी कोटावरची पाटी दाखवली. देवयानी. वय वर्षं सत्तावीस, मूळ गाव सांगली, आणि पहिल्याच भेटीत कुणी अगं-तुगं केलं की नाक वर करायची सवय. पण इथे वाढलेल्या मुलांचं मराठी आईकडून आलेलं असतं. त्यांना 'तुम्ही' ठाऊकच नसतं, म्हणून मी नाक खाली घेतलं.

"इट सेज फ्री," तो म्हणाला. "फ्रीडमवाला फ्री. ॲपने सांगितलं."

"ॲपने फसवलं तुम्हाला. हे साबणाच्या जाहिरातीतलं फ्री आहे. एकावर एक मोफत."

त्याचे कान लाल झाले. इतक्या रुंद खांद्यांचा माणूस इतका लाजू शकतो हे मला नवीन होतं. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं.

त्याचं नाव नितीश. मनुरेवात वाढलेला, आई इस्पितळात नर्स. हा वेटलिफ्टर. न्यूझीलंडच्या संघात निवड झालेली, सहा आठवड्यांनी जागतिक स्पर्धा. ज्या देशात ती होती त्याचं नाव मी लिहीत नाही. मला तिथले निळे घुमट एकदा बघायचे आहेत, आणि व्हिसा त्यांच्याच हातात आहे. त्या देशाच्या तीन वेटलिफ्टर मुलींनी 'बायकांनाही स्टेडियममध्ये बसून खेळ बघू द्या' असा फलक धरला, म्हणून त्या आठ महिन्यांपासून तुरुंगात होत्या. आता तेच सरकार जगभरच्या खेळाडूंना बोलावून रोषणाई करणार होतं.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा टेप न्यायला आला. त्याच्या पुढच्याही.

"आठवड्याला एक रोल? गुंडाळतोस की खातोस?" तोवर मीही अरे-तुरेवर आले होते.

"खायला अलाउड नाही. वजन."

जेवणाच्या सुट्टीत आम्ही स्टेशनजवळच्या बाकावर बसायचो. मी डब्यातली थालीपीठं खायची आणि त्याने बघायचं. "फक्त वास घेऊ दे," म्हणत तो डब्यावर वाकायचा... आणि त्याचे ओले केस माझ्या हाताला लागायचे. मी हात काढून घेत नसे. तोही उगाच जास्त वेळ वास घेत असे.

चौथ्या शनिवारी त्याने नवी टेप आणि मार्कर माझ्यापुढे ठेवला.

"तू लिही. बरोबर शब्द. तुझं अक्षर सुंदर आहे."

"पण कळलं तर काय होईल?"

"फॉर्मवर सही केलीय. मंचावर कसलाही मेसेज नाही. मेसेज दिसला तर घरी पाठवतील. मग बॅन... पुढच्या वर्षीचे गेम्सपण गेले."

"किती वर्षं उचलतोयस वजनं?"

"अकरा."

"मग नको करूस. याला मराठीत 'हात दाखवून अवलक्षण' म्हणतात."

"म्हणजे?"

"म्हणजे आपणहून आपलं वाटोळं करून घेणं. तुझी आई काय म्हणते?"

"आई म्हणते, वजन उचल, अख्खा देश उचलू नकोस." तो हसला. "देवयानी, तीन वर्षांपूर्वी एका कॉम्पिटिशनला माझी टेप संपली. वॉर्म-अपमध्ये. कोणी देत नव्हता. त्या तिघींतली एक आली, तिच्या रोलमधली अर्धी फाडून दिली. माझं नावसुद्धा नाही विचारलं." त्याने रस्त्याकडे बघितलं. "आता ती आत आहे, आणि मी तिच्या गावात जाऊन सेल्फी काढू?"

मी डबा बंद केला. मला भीती वाटत होती, आणि ती काही एखाद्या गिऱ्हाइकासाठी वाटावी तशी नव्हती. पण त्याचं म्हणणं खरं होतं, आणि खऱ्यापुढे मला वाद घालता येत नाही.

मी मार्कर उघडला. टेप हातात धरण्याऐवजी सरळ त्याचं मनगट माझ्या मांडीवर घेतलं, पट्टी गुंडाळली आणि लिहिलं — सोडा.

"म्हणजे जाऊ द्या त्यांना."

"सोडा? लाइक बेकिंग सोडा?"

"मराठीत दोन्ही सारखंच लिहितात. म्हणूनच लिहिलंय. ही जपून काढून ठेव, तिकडे हीच गुंडाळ. तुम्ही वेटलिफ्टर तो खायचा सोडा घेता ना ताकदीसाठी? कुणी विचारलं तर तेच सांगायचं. वचन दे."

"प्रॉमिस," तो म्हणाला. लिहून झालं तरी त्याने हात मागे घेतला नाही.

स्पर्धा आमच्याकडे रविवारी सकाळी दिसणार होती. त्याच्या आईने, वसुंधराकाकूंनी, मला मनुरेवाला बोलावून घेतलं. कांदेपोहे समोर निवत होते आणि काकूंनी देव पाण्यात घालून ठेवले होते. पडद्यावर भरलेलं स्टेडियम, आणि त्या हजारो प्रेक्षकांत एकही बाई नाही.

नितीश आला. त्याने बार उचलला, छातीशी घेतला... क्षणभर थांबला... आणि दोन्ही हात सरळ वर. मनगट कॅमेऱ्यासमोर. माझं अक्षर अख्ख्या जगाला दिसत होतं.

समालोचक हसून म्हणाला की तपासणीत मनगटावरच्या शब्दाचा फोटो काढून फोनवर अर्थ बघितला, तो 'सोडा' निघाला, आणि खेळाडूनेही खायचा सोडा असंच सांगितलं. मी श्वास सोडला. त्याला सहावा क्रमांक मिळाला. न्यूझीलंडसाठी तो फार मोठा होता. काकूंनी डोळे पुसले. सगळं निभावलं होतं.

मग मुलाखत घेणाऱ्याने गमतीत विचारलं, "सो, व्हॉट्स विथ द सोडा?"

नितीशने मनगटाकडे बघितलं. एकदाच. तो आता काय करणार ते मला कळलं.

"ते सोडा नाही," तो इंग्रजीत म्हणाला. "माझ्या आईच्या भाषेत त्याचा अर्थ आहे, त्यांना जाऊ द्या." आणि त्याने तिघींची नावं घेतली. पूर्ण नावं, एकही न अडखळता. तिसऱ्या नावावर चित्र गेलं आणि गाड्यांची जाहिरात लागली.

काकूंनी टीव्ही बंद केला. मग पोह्यांची बशी माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "खा. माझंच कार्टं ते. बोलल्याशिवाय राहणार होतं थोडंच."

चार तास त्याचा फोन बंद होता. त्या चार तासांत मला माझ्याबद्दल जे कळायचं ते सगळं कळलं. मग मेसेज आला: 'ओके आहे. घरी पाठवतायत. सॉरी, प्रॉमिस मोडला.'

दुसऱ्या दिवशी चार देशांच्या खेळाडूंनी मनगटावर तीच दोन अक्षरं काढली होती. एकाने मात्रा उलटी दिली होती, पण मला ते शुद्धलेखन चाललं.

मंगळवारी सकाळी आम्ही दोघी विमानतळावर गेलो. तुरुंगातल्या तिघींपैकी एकीला जामीन मिळाल्याची बातमी नुकतीच आली होती. दोघी अजून आत होत्या. नितीशवर वर्षाची बंदी आली होती, पुढचे खेळ गेले होते. काकूंनी त्याला घट्ट मिठी मारली, पाठीत एक धपाटा घातला आणि "मी गाडी आणते" म्हणून निघून गेल्या. गाडी समोरच उभी होती, हे आम्हा तिघांनाही दिसत होतं.

"रागावलीस?" त्याने विचारलं.

"खूप. आणि घाबरले होते... त्याहून खूप."

"मलाही भीती वाटत होती. चार तास तिकडचे ऑफिसर तेच विचारत होते, हे कोणी लिहिलं? यू डोंट राइट लाइक दिस."

"मग? सांगितलंस?"

"नाव नाही सांगितलं." त्याचे कान लाल झाले. "म्हणालो, एक मुलगी आहे. आय लव्ह हर. तिचं नाव देणार नाही."

बाहेर पाऊस आणि ऊन दोन्ही चाललं होतं.

"मग एक ऑफिसर होता, म्हातारा. त्याने पेन ठेवलं. विचारलं, त्या मुलीला माहीत आहे का?"

"तू काय म्हणालास?"

"नॉट येट."

मी त्याच्या खांद्यावरची बॅग ओढून खाली ठेवली, कारण ती मध्ये येत होती.

"त्या ऑफिसरला कळव," मी म्हटलं, "तिला माहीत होतं. ती फक्त तू बोलायची वाट बघत होती."