अडतीस शतांश

शतांशराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कारखान्यात फिटर म्हणून पस्तीस वर्षं काढली, आणि कुणी काहीही विचारलं तरी मिलिमीटरच्या शतांशात उत्तर द्यायची खोड जडली, म्हणून तिथल्या पोरांनी ठेवलेलं हे नाव. निवृत्त झाले तरी नाव काही निवृत्त झालं नाही. बायको म्हणायची, चहात साखर किती घालू विचारलं तरी हा माणूस आधी चमचा मोजून घेईल. यावर ते हसायचे नाहीत, कारण चमचे खरोखरच सारखे नसतात.

त्या दुपारी मागच्या खोलीतल्या टेबलावर त्यांनी जुनी चादर चौपदरी अंथरली आणि तिच्यावर मोठ्या भावाची बंदूक ठेवली. पुढची मूठ मागेपुढे ओढून काडतूस आत घ्यायची, ती पंपाची बंदूक. दादा निवृत्तीनंतर गावाबाहेरच्या बागेत राहायला गेला, तेव्हा रानडुकरांना हुसकावायला म्हणून त्याने ती रीतसर परवाना काढून घेतली होती. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी तीच बंदूक सुटली आणि दादा गेला.

साफ करताना सुटली, असं सगळे म्हणत. चौकशीच्या कागदावर मात्र ‘निश्चित सांगता येत नाही’ एवढंच लिहिलेलं. दोन वर्षं बंदूक कचेरीत सीलबंद पडून होती. आता ती वहिनींच्या ताब्यात आली होती आणि वहिनींना ती घरात नको होती. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तुकडे करून टाकायला ती परत द्यायची, असं ठरलं होतं. म्हणजे हातात होती ती एवढी एकच दुपार.

वहिनी सकाळीच आल्या होत्या. बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसल्या, चहाला हात लावला नाही. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग एकदम सांगून टाकलं.

“त्या दिवशी सकाळी आमचं वाजलं होतं, भाऊजी. मी म्हटलं, तुम्ही डोळ्यांसमोर नसलात की मला बरं वाटतं. तासाभरानं आवाज आला. मला बाकी काही नको. ती आपोआप सुटली का, एवढंच सांगा.”

शतांशरावांना गलबलून आलं. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा ते शाळेत होते. त्यांचे सदरे वहिनींनी शिवले होते. पण अशा वेळी काय बोलावं हे त्यांना कधीच सुचलं नाही, म्हणून ते यंत्राबद्दल बोलले. आत एक दात असतो, म्हणाले. घोड्याला तो अडवून धरतो. दाताची कड झिजली असेल तर नुसत्या धक्क्यानं बंदूक सुटू शकते. कड शाबूत असेल तर चाप ओढल्याशिवाय सुटत नाही. उघडून बघतो आणि असेल ते सांगतो. वहिनींनी मान हलवली. दोन वर्षं त्यांना धड झोप नव्हती, हे त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं तरी कळत होतं.

दोन वाजता त्यांनी काम सुरू केलं. पहिल्यांदा बंदूक रिकामी आहे ना ते पाहिलं, मग बोट घालून पुन्हा पाहिलं. सवय ती सवय. बाहेरच्या दोन पिना गंजून बसल्या होत्या. तेल सोडून अर्धा तास वाट पाहिली तेव्हा त्या कुरकुरत निघाल्या. चापाची पेटी खाली उतरून हातात आली. मुठीएवढी, हलक्या धातूची. दात होता तो तिच्या दोन भिंतींच्या मध्ये, आणि त्याला धरणारी पिन भोकात दाबून बसवलेली. असा भाग भोकापेक्षा केसभर जाड ठेवतात आणि जोर लावून आत घालतात. मग तो स्क्रूशिवाय, डिंकाशिवाय जन्मभर तिथे राहतो. ती पिन काढल्याशिवाय दाताची कड दिसणार नव्हती.

अशा पिनेच्या एका टोकाला बारीक खाचा असतात. काढताना गुळगुळीत टोकाकडून ठोकायचं. उलटं ठोकलं तर पिन आणखी घट्ट होते, आणि नव्या फिटरला पहिल्या शिव्या त्यावरूनच बसतात. शतांशरावांनी भिंग लावून टोक पाहिलं. बायकोचं केस वाळवायचं मशीन घेऊन पेटी तापवली, म्हणजे भोक जरा उघडेल. पेटी आडवी करून व्हाइसच्या जबड्यात आवळून धरली, पितळी पंच, म्हणजे ठोकायची बोथट दांडी, पिनेवर टेकवला आणि हातोडीचे तीन ठोके मारले. पिन हलली. पलीकडच्या बाजूला तिचं टोक मिलिमीटरभर बाहेर आलं.

चला, देव पावला, असं म्हणत ते पाणी प्यायला उठले. परत आले तेव्हा टोक बाहेर नव्हतं. पिन होती तशी, भिंतीशी सपाट.

छे! नीट पाहिलं नसेल. वय झालं, डोळे दगा देतात. त्यांनी पुन्हा तापवलं, पुन्हा ठोकलं, आणि या वेळी मोजलं. एक मिलिमीटर बेचाळीस शतांश बाहेर. शेजारच्या वर्तमानपत्रावर पेन्सिलीनं आकडा लिहिला. मशीनची वायर पायात येत होती, तिचा प्लग काढायला वाकले आणि सरळ झाले. एवढ्यात पिन परत आत गेली होती.

पेटी थंड होताना आक्रसली, म्हणून झालं असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. आक्रसलेलं भोक पिनेला धरून ठेवतं, ते तिला ढकलत नाही, हे पस्तीस वर्षं त्यांना ठाऊक होतं. तरी त्या घटकेला त्यांना ते कारण फार आवडलं. वर्तमानपत्रावरचा आकडा त्यांनी उगाच दोनदा वाचला. मग कपाळ पुसून पुन्हा पंच हातात घेतला. आता नजर हलवायची नाही, असं ठरवलं.

तीन ठोके. पिन सरकली. ते बघत राहिले.

कुणीतरी पलीकडून एकच ठोका मारावा तशी ती आत आली. टक्. पंच त्यांच्या हातात मागे सरकला.

तो ठोका त्यांनी ओळखला.

कारखान्यात मोठ्या यंत्रांचे बेअरिंग काढायला दोन फिटर लागत. एक अलीकडे, एक पलीकडे, मध्ये भिंतीएवढं लोखंड आणि कान किटवणारा आवाज. ओरडून काही उपयोग नसे. मग बोलायचं ते हातोडीनं. दोन ठोके म्हणजे मारू का. उत्तरादाखल दोन म्हणजे मार. एक म्हणजे थांब. बावीस वर्षं पलीकडे दादाच असायचा. दोघांची जोडी अख्ख्या खात्यात प्रसिद्ध होती. दादाचा ठोका आखूड आणि कोरडा, हातोडी लगेच उचलून घेतल्यासारखा. हजारांतही तो त्यांना कळला असता.

शतांशराव खुर्चीवर टेकले. बाहेर रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. चादरीवर दोन गंजक्या पिना पडल्या होत्या. ऊन टेबलाच्या पायापर्यंत आलं होतं. सगळं जिथल्या तिथे होतं.

मग त्यांनी आयुष्यात कधी केला नसेल असा वेडेपणा केला. पंच टेकवून हलकेच दोन ठोके दिले. मारू का?

टक्.

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. भीती नंतर आली, आधी पाणी आलं. “दादा,” ते पुटपुटले, “अरे, त्या बाईची झोप उडालीय.” आणि पुन्हा दोन ठोके दिले.

टक्.

आपोआप सुटली असती, तर दादानं कशाला अडवलं असतं? हा विचार त्यांच्या मनात आला आणि मग तो काही केल्या जाईना.

“भाऊजी,” बाहेरून वहिनींनी हाक मारली, “झालं का?”

त्यांनी हातोडी खाली ठेवली. दार ओढून घेतलं आणि बाहेरच्या खोलीत गेले. वहिनी उभ्याच होत्या. शतांशरावांनी असेल ते सांगायचा शब्द दिला होता, आणि खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. कारखान्यात एकदा उशिरा आल्याचं कारण देतानाही त्यांचे कान लाल झाले होते. त्यांनी वहिनींच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि शब्द मोडला.

“आपोआपच सुटली, वहिनी,” ते म्हणाले. “दाताची कड झिजलेली होती.”

एवढ्यावर थांबले असते तर ते शतांशराव कसले. जिभेला लागलेलं वळण. आकड्याशिवाय वाक्य पुरं होईना.

“अडतीस शतांश,” ते म्हणाले.

वहिनी मटकन खाली बसल्या. तोंडाला पदर लावून त्या किती तरी वेळ रडल्या, आणि शतांशरावांची बायको त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. शतांशराव भिंतीकडे बघत उभे होते. आपण केलं ते बरोबर की चूक, हे मोजायचं साधन त्यांच्याजवळ नव्हतं. दहा-बारा मिनिटं गेली असतील. वहिनींनी डोळे पुसले, पाणी प्यायल्या आणि उठल्या.

“मला दाखवा,” त्या म्हणाल्या.

शतांशरावांनी नाना सबबी सांगितल्या. तेलानं हात भरतील, म्हणाले. तुम्हाला त्यातलं काही कळायचं नाही, म्हणाले. पण वहिनी चालायला लागल्या होत्या. आता आपलं पितळ उघडं पडणार, या विचारानं शतांशराव त्यांच्या मागोमाग गेले. वहिनींनीच दार लोटलं.

पेटी व्हाइसमध्ये नव्हती. ती चादरीवर रिकामी पडली होती, आणि तिच्याशेजारी पिन, घोडा, चाप आणि स्प्रिंगा ओळीनं मांडलेल्या होत्या. ओळ उजवीकडून डावीकडे होती. व्हाइसमध्ये फक्त दात होता, कड वर करून धरलेला.

व्हाइसखाली चादरीवर पिठाएवढा बारीक, चकचकीत लोखंडाचा कीस पडला होता.

कानशी शतांशरावांच्या ड्रॉवरमध्ये होत्या आणि ड्रॉवरची किल्ली त्यांच्या खिशात होती. त्यांनी ती चाचपून पाहिली.

वहिनी वाट बघत होत्या. शतांशरावांनी मायक्रोमीटर उचलला. दाताची अर्धी कड मूळची, काळसर होती. अर्धी खाली गेलेली. त्यांनी एक माप घेतलं, मग दुसरं घेतलं, आणि मनातल्या मनात वजाबाकी केली. मग पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

“किती?” वहिनींनी विचारलं.

“अडतीस,” ते म्हणाले.

झिजलेली कड गुळगुळीत असते. ही गुळगुळीत नव्हती. हिच्यावर कानशीच्या ताज्या रेघा होत्या, आणि त्या सगळ्या उलट्या बाजूला झुकलेल्या, डावखुऱ्या माणसाच्या हाताच्या. दादा डावखुरा होता. वहिनींना रेघांमधलं काही कळत नव्हतं, आणि शतांशरावांनी भिंग खिशात टाकलं.

“मला हातात द्या,” वहिनी म्हणाल्या.

शतांशरावांनी व्हाइस सैल केला. दात घसरून वहिनींच्या तळहातावर पडला.

“अगं बाई,” त्या हळूच म्हणाल्या, “गरम आहे हो.”

“ते मशीननं तापवलं होतं ना मघाशी,” शतांशराव म्हणाले. मशीनची वायर जमिनीवर पडली होती. तिचा प्लग काढून अर्धा तास होऊन गेला होता.

वहिनींनी त्या वायरीकडे पाहिलं. मग शतांशरावांकडे पाहिलं. त्यांनी मूठ मिटली, ती छातीशी धरली, आणि आतला दात निवेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या.