तेलाच्या बाजूचा माणूस

म्हाताऱ्याच्या कमरेला शिशाच्या कपाटाची किल्ली.

ट्रेमध्ये एकच कप.

रक्ताचा अहवाल: ठणठणीत.

"उद्या पण याल ना, डॉक्टर?"

*

"उद्या चौकशी आहे, बाई. नोकरी जाणार माझी," शिफ्टची प्रमुख म्हणाली.

वापरलेलं अणुइंधन आम्लात विरघळवून त्यातलं युरेनियम वेगळं काढणारा कारखाना. तिच्या शिफ्टमध्ये एका म्हाताऱ्या ऑपरेटरच्या किरणमापक बिल्ल्यावर भलताच मोठा आकडा आला होता.

"साहेब म्हणतात, तेलाची नळी गळली आणि मी लपवलं."

बाई पूर्वी रसायनशास्त्र शिकवायच्या. आता लोकांची कोडी सोडवायच्या. सोबतीला त्यांचा दीर.

"तेल कशाला लागतं? भावजींना कळेल असं सांगा."

"आम्लात तेल घालून घुसळतो. युरेनियम तेलात चढतं. खरा जहाल कचरा खाली आम्लातच राहतो. ते ऑपरेटर काका तेलाच्या बाजूला असतात. कचऱ्याचे नमुने तेवढे शिशाच्या कपाटात ठेवतात."

"लोणी वर, ताक खाली!" दीर खूश झाला.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "काकांचं रक्त उत्तम. पण घरी जायचं नावच काढत नाहीत. रोज नवा विनोद तयार ठेवतात."

ऑपरेटर खाटेवर ताठ बसला होता, कपाटाची किल्ली अजून कमरेलाच.

"भेटायला कोण येतं?" बाईंनी विचारलं.

"डॉक्टर. नर्स. परवा तर खुद्द साहेब!"

"घरचं कोणी?"

"घरी कुलूप आहे. ते दार सोडून येत नाही." तो एकटाच हसला.

बाईंनी शिफ्टप्रमुख मुलीला आत बोलावलं.

"गळती झालीच नाही. तेलात चढतं त्याचे बहुतेक किरण कपड्यानेच अडतात. बिल्ल्याला जेमतेम कळलं असतं. एवढा आकडा खालच्या कचऱ्याचाच. तो शिशाच्या कपाटात, आणि किल्ली यांच्याकडे."

"म्हणजे हे स्वतः कपाटापाशी..." दीर दचकला.

"मग रक्त असं राहिलं असतं? कपाटात राहिला तो नुसता बिल्ला."

"पण कशासाठी?"

"आकडा चढलेल्या माणसाला रोज विचारतात, भावजी. झोप लागली का, जेवलात का."

म्हाताऱ्याने कमरेची किल्ली काढून खाटेवर ठेवली. "बिल्ला बिघडला म्हणतील, वाटलं. चार दिवस ठेवून घेतील. पोरीवर येईल असं नव्हतं वाटलं."

"काका, मला सांगायचंत."

"काय सांगू? शिफ्ट चालू असताना सांगू, मला करमत नाही म्हणून?" त्याने चपला शोधल्या. "उद्या येतो मी चौकशीला. समोर बसून ऐकतील तरी."

तो कामाला लागला त्या वर्षी कारखान्याच्या जेवणघरात बसायला जागा मिळत नसे. आता तिथे तो एकटाच जेवायचा.