वही देली त बोट कापतीन

फोन जेमतेम दहा सेकंदांचा होता. बाहेर मे महिन्याचं ऊन सकाळी नवालाच टिनपत्रे तापवत होतं, आणि घरात गोजराबाईंचे हातपाय गार पडले होते.

फौजदार योगिनी अढाऊ केनवडला पोचली तेव्हा बाई ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. दोन्ही हात पदरात घट्ट गुंडाळलेले, जणू कुणी त्यांचीच बोटं मागायला आलंय.

"नंबर तुमच्या यजमानांचाच होता?"

"त्यायचाच."

"काय बोलले? एकही शब्द बदलू नका."

"आवाज तुटून राह्यला व्हता. गोजरे म्हणे. मंग नुसती खरखर. मंग म्हणे, वही देली त बोट कापतीन. अन् बंद झाला. तवापासून लागतच नाई."

कॉन्स्टेबल मंजुषानं जबाब जसाच्या तसा उतरवला. योगिनीचा तसा दंडकच होता. साक्षीदार अडखळला तर अडखळणंही लिहायचं.

भागवत सरकटे. वय अठ्ठावन्न. बावीस वर्षं नौदलात, जहाजाच्या इंजिनावर. निवृत्तीनंतर मुंबईत जहाजदुरुस्तीवर देखरेख करायचे, चार दिवसांपूर्वी घरी आले होते. सकाळी साडेसहाला फिरायला गेले ते परतलेच नाहीत.

"त्यायच्या हृदयात स्प्रिंग टाकेल हाय, मॅडम," गोजराबाई म्हणाल्या. "सकाळची गोळी घेतलीच नाई. हे पाहा, डबी इथंच हाय. अन् बोट कापलं, रगत गेलं, त माणूस वाचते काय?"

ऊन, वय, चुकलेली गोळी. कापायची धमकी खरी असो वा खोटी, माणूस संध्याकाळपर्यंत टिकणार नाही असं तिला वाटून गेलं.

"कोणती वही?"

बाई दचकल्या. "मले नाई माहीत."

"गोजराबाई."

"म्या जाळली. नाई मायाजवळ."

एका दमात दोन उत्तरं! बाई धडधडीत खोटं बोलत होत्या, आणि भीतीनं बोलत होत्या. अशा माणसावर ओरडून उपयोग नसतो.

हरीओमचं तोवर तीनदा आत-बाहेर करून झालं होतं. भागवतरावांचा पुतण्या, बत्तीस वर्षांचा, शिरपूर रस्त्यावर लोखंडाचं गोदाम. आई लहानपणीच गेली. गोजराबाईंनीच त्याला वाढवलं. आत्ता त्याचा शर्ट घामानं अंगाला चिकटला होता.

"सकाळी कुठं होता?"

"कारंज्याले. आत्ताच एसटीतून उतरलो. काकूनं फोनचं सांगतलं अन् मायी त बोबडीच वळली."

"वहीचं काही ठाऊक आहे?"

"असंन काकाची काही. काकूले म्हटलं, मायाजवळ दे, लपवतो. तिनं मलेबी नाई देली." त्यानं कपाळ पुसलं. "मॅडम, तुमी ते वही शोधू नोका. एकदा का वही बाहेर गेली, की बोट कापलीच समजा. मंग कोणी काही करू शकत नाई."

"कुणावर संशय?"

तो घुटमळला. "काल काका युनूसच्या दुकानात लय वेळ बसले व्हते. जोरजोरात बोलत व्हते म्हणतात."

युनूस बाजाराच्या टोकाला वेल्डिंग करायचा. जीप थांबताच त्याच्या हातातली कांडी खाली पडली.

"भागवतभाऊचं बोट कापलं काय हो? खरं सांगा."

"कुणी सांगितलं?"

"गावभर झालं न, मॅडम."

"काल भांडण कशावरून?"

"भांडण? तौबा! ते लोखंडावर चिडले व्हते, मायावर नाई." त्यानं फळीवरून तळहाताएवढा पत्र्याचा तुकडा काढला. वरून चकचकीत राखाडी रंग. "म्हणे, युनूस, मार हातोडी. मारली. पाहा, पापुद्रे निघाले. जुनं सडेल लोखंड, वरून रंग. म्हणे, हे मायाच जहाजाच्या बुडाले लावलं."

"त्यांचं जहाज?"

"लढाईचं हाय, पण लहान. तीस वर्ष जुनं. आपल्या नेव्हीनं काढलं, आता दूरच्या कोण्या बेटावरच्या नेव्हीले देऊन राह्यले. आज चार वाजता मुंबईले सह्या हायेत. भाऊ म्हणे, मी होऊ देत नाई. तिकडचे चाळीस पोरं तेच्यावर चढतीन अन् पहिल्याच तुफानात बुडतीन. त्यापरीस भंगारात गेलेलं बरं. वहीत सारं लिवलं म्हणे, कोणती प्लेट कुठं लागली ते."

"प्लेटा कुणी पुरवल्या?"

"तेच इचारलं म्या. भाऊ एकदम गप झाले. डोळ्यात पाणी आलं त्यायच्या."

योगिनी त्या तुकड्याकडे बघत राहिली. समुद्र तिनं एकदाच पाहिला होता, तोही सहलीत. पण पापुद्रे सुटलेल्या त्या लोखंडाखाली खोल पाणी आहे असं मनात आलं आणि तिला शहारा आला.

"काल अजून काय काम केलं?"

"दोन फाटकं. अन् दुपारी हरीओमभाऊच्या गोदामाची खिडकी वेल्डिंग मारून बंद केली. चोर येतात म्हणे."

परत निघाले तेव्हा अडीच वाजले होते. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. जीपमध्ये मंजुषा जबाब तपासत होती.

"मॅडम, एक इचारू? बाईच्या जबाबात बोट कापलं हाय. युनूस बी कापलं म्हणते. हरीओमच्या जबाबात म्या कापलीच लिवलं. तो तसाच बोलला. सुधारू का?"

योगिनीनं तिच्या हातातला कागद ओढून घेतला. वाचला. परत वाचला.

"गाडी पळव," ती ड्रायव्हरला म्हणाली.

हरीओम ओसरीवर काकूला पाणी पाजत होता.

"गोदामाची किल्ली दे."

"काहून?"

"किल्ली, हरीओम. तिथं टिनाखाली काय होत असेल, ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

त्याचा हात आधी खिशाकडे गेला आणि मग थांबला. गोजराबाईंच्या हातातून पेला निसटला. हरीओमनं किल्ली काढून दिली.

"चार वाजता सोडणारच व्हतो," तो पुटपुटला.

गोजराबाई आणि हरीओमला जीपमध्ये घेऊन ते गोदामावर पोचले. पत्र्याला हात लावला तर चटका बसत होता. आतून आवाज नाही. कुलूप उघडेना; शेवटी मंजुषानं जोर लावून उघडलं. भट्टीचं तोंड उघडावं तशी वाफ अंगावर आली.

भागवतराव दाराशीच पडले होते. खालच्या फटीला तोंड लावून, तेवढ्याच हवेवर तगलेले. नाडी लागत होती, नव्हती. गोजराबाईंनी डबीतली गोळी त्यांच्या जिभेखाली सारली, ओला पदर छातीवर टाकला आणि नुसतं "अहो, अहो" करत राहिल्या. पाच मिनिटांनी भागवतरावांनी डोळे उघडले. ती पाच मिनिटं योगिनी जन्मात विसरणार नव्हती.

रुग्णवाहिका रिसोडहून निघाली होती. त्यांना लिंबाच्या सावलीत आणलं.

"याच्यावर संशय कसा आला, मॅडम?" गोजराबाईंनी विचारलं. अजूनही त्या पुतण्याकडे बघत नव्हत्या.

"त्याच्या एका शब्दानं. तुम्ही फोन ऐकला आणि हाताचं बोट समजलात. गावही तेच समजलं. म्हणून सगळे म्हणत होते, बोट कापलं. हा एकटाच म्हणाला, बोट कापली. हाताचं बोट कापली कसं होईल? कापली जाते ती पाण्यावरची बोट, भंगारात. हा मात्र जहाजाबद्दल एक अक्षर बोलला नव्हता. काका काय म्हणाले त्याचा खरा अर्थ यालाच कळला होता, कारण ते बोलले तेव्हा हा समोर उभा होता. त्यानंच फोन हिसकावला."

"मंग ते धमकी..."

"धमकी नव्हतीच. वही पोलिसांना दे, म्हणजे ती बोट कापतील, चाळीस जीव वाचतील. मधलं खरखरीत गेलं. तुम्ही उलटं समजलात आणि वही कुणालाच दिली नाही."

भागवतरावांनी मान हलवली. "घरी जहाजच म्हणतो मी," ते क्षीण आवाजात म्हणाले. "याच्यासंगं फोनवर दोन महिने बोट, बोट चालू व्हतं. घाईत तेच तोंडात आलं."

"प्लेटा यानंच पुरवल्या?"

त्यांनी डोळे मिटले. "म्याच नाव सुचवलं व्हतं त्याचं. आज सकाळी म्हणे, काका, गोदामात या, खऱ्या प्लेटा दाखवतो."

"आणि खिडकी कालच बंद केली होती," योगिनी हरीओमला म्हणाली. "गोळीची डबी घरी राहिली हे तू सकाळपासून पाहत होतास. चारपर्यंत हे जगले असते?"

हरीओम गुडघ्यांवर सरकत पुढं आला. "काकू, वही नोको देऊ. मी जेलात जाईन. तुया हातचं खाऊन मोठा झालो न मी."

सव्वातीन वाजले होते. मुंबईच्या अधिकाऱ्याचा नंबर भागवतरावांनी सांगितला; तिकडून उत्तर आलं, पानं पाठवा, पुरावा दिसल्याशिवाय सह्या थांबणार नाहीत.

गोजराबाई उठल्या. कमरेला खोचलेली निळ्या पुठ्ठ्याची वही काढली. ती घामानं भिजली होती.

"त्या जहाजावर तुयाच वयाचे पोरं चढणार व्हते, हरी," त्या म्हणाल्या. "त्यायलेबी कोणी घास भरवले असतीन."

त्यांनी वही योगिनीच्या हातात दिली आणि मग दिवसभरात पहिल्यांदाच मोठ्यानं रडल्या.