व्यंकटीचं पोवळं

बावीस वर्षं झाली, मी लातुरात अकरावी-बारावीच्या पोरांना केमिस्ट्री शिकवतो. एक थेंब जास्त पडला की उत्तर गेलं, हे माझं ठरलेलं वाक्य. देगलूरकडचा व्यंकटी हे वाक्य शंभरदा ऐकून केमिस्ट्रीत जेमतेम काठावर पास झाला होता. त्याच व्यंकटीनं माझं नाक कापलं.

औसा रोडला, जिथं उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बसावं लागतं, तिथं माझ्या हॉलमध्ये चार फुटांची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. "लातुरात समुद्र! लोक वेड्यात काढतील आपल्याला," आमच्या सौ. सौदामिनीबाई म्हणायच्या. काढू देत. टाकीत मासे दोनच, बाकी सगळी पोवळी. अंगठीतली नव्हेत, जिवंत. पोवळं पाण्यातलं कॅल्शियम ओढून स्वतःचं हाड बांधतं. ते रोज ओढतं, आपण रोज भरायचं. नुसत्या कॅल्शियमनं भागत नाही, अल्कलिनिटीही, म्हणजे पाण्याची आम्ल मारायची ताकद, तेवढीच राखावी लागते. दोन बाटल्या, एक सकाळी, एक संध्याकाळी. एकदम ओतल्या की पाण्यात चुना होतो. मी दिवसातून दोनदा तपासायचो. नळीतलं गुलाबी पाणी निळं होईस्तोवर थेंब मोजायचो. तरी कॅल्शियम चारशे तीसच्या जागेवर राहील तर शपथ! एक सावरलं की दुसरं पडायचं, आणि पोवळी टोकाकडून पांढरी पडत चालली होती.

माझंच बघून व्यंकटीनं टाकी मांडली. तो नांदेडला रेल्वेच्या ऑफिसात कारकून, क्वार्टरमध्ये आईबरोबर राहतो. त्याचे फोटो यायला लागले. जांभळं पोवळं, आधी अंगठ्याएवढं, चार महिन्यांत पंजाएवढं. टाकीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळे "वा व्यंकटी, वा!" करायचे. मीही अंगठा टाकायचो. तो टाकताना किती जळायचो, माझं मला माहीत.

फेब्रुवारीत कॉलेजच्या कामानं नांदेडला गेलो तेव्हा तपासणीची पेटी पिशवीत घालूनच गेलो. स्टेशनवरून रिक्षा केली ती थेट त्याच्या दारात.

"कॅल्शियम किती घालतोस?"

"काईच न्हाई घालत, सर."

"मग तपासतोस कसं?"

त्यानं पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. "चारशे तीस आसंल."

मी थेंब मोजले. चारशे तीस. जेवण झाल्यावर पुन्हा मोजले. चारशे तीस. अल्कलिनिटी साडेआठ, तीही हलेना. तळपायाची आग मस्तकात गेली हो. बावीस वर्षं मी थेंब मोजतोय आणि हा बोट चाटून सांगतो!

त्याची आई, विठाबाई, उजव्या हातानं तांब्या घेऊन आली. डावा हात प्लास्टरमध्ये.

"तिसऱ्यांदा मोडला बघा, सर," ती म्हणाली. "पडले न्हाई, झडले न्हाई. भाकर थापताना मोडला."

"वय झालं की व्हायचंच," मी म्हणालो. माझं लक्ष त्या जांभळ्या फांद्यांवर होतं.

"व्यंकटी, एक फांदी तोडून दे मला."

त्याचा चेहरा उतरला. "नका मागू, सर."

मला वाटलं, चिकटपणा करतोय. मग मी बोलू नये ते बोललो. "रविवार-रविवार घरी बसवून तुला पास कुणी केलं रे? विसरलास?"

सरांना नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही. व्यंकटीनं आईच्या प्लास्टरकडं बघितलं.

"फांदी न्हाई तोडणार," तो शेवटी म्हणाला. "आख्खंच न्या."

दगडासकट पोवळं त्यानं बादलीत ठेवलं, वर टाकीतलंच पाणी भरलं. दारात विचारलं, "सर, घरी कोण कोण हाय?"

"मी, सौदामिनी, मनू."

"मनू कितीची झाली?"

"सतरा."

बादलीची कडी त्याच्या हातात होती. त्यानं ती सोडली नाही. मी ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी लातुरात आकडा आला चारशे तीस. आठवड्यानंतरही तोच. बाटल्या बंद केल्या. मरायला टेकलेली पोवळीसुद्धा तरारली. ग्रुपवर "वा सर, वा!" सुरू झालं. आता जळ म्हणावं लेका! पण व्यंकटीचा अंगठा काही आला नाही. फक्त एक निरोप आला, 'आईचं प्लास्टर निघालं. आज भाकरी केल्या.' हे मला कशाला सांगतोय, असं वाटलं.

एप्रिलमध्ये मनू अभ्यासावरून उठून माझ्यापाशी आली. तळहातावर दात होता. दाढेजवळचा, अख्खा. रक्ताचा ठिपका नाही.

"दुखलं?"

"नाही ना, बाबा. नुसता निघून आला."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही असेल. पण त्या आठवड्यात पोवळं ताटाएवढं झालं होतं, आणि मला त्याचा फोटो टाकायचा होता.

मेमध्ये पाण्याची बाटली उचलताना तिचं मनगट मोडलं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि वय दोनदा विचारलं. मनूचं हाड त्यात जाळीसारखं दिसत होतं. सौदामिनी तिथंच रडायला लागली. मी घरी आलो आणि थेंब मोजले.

चारशे तीस.

व्यंकटीला फोन लावला. "काय आहे रे हे?"

"मला न्हाई माहीत, सर."

"तुझी आई?"

"लई बरी हाय." मागं भाकरी थापल्याचा आवाज येत होता. "काढून टाका, सर."

"तुझ्या टाकीत आता काय आहे?"

"काईच न्हाई. कोरडी हाय. आई त्यात कांदे ठेवते."

खरं सांगतो, मला त्याच्या त्या कांद्यांच्या टाकीचाही हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सौदामिनी मेडिकलवर गेली. मनू आतल्या खोलीत झोपली होती, दार लोटलेलं. मी कोपरापर्यंत हात टाकीत घातला. पोवळं हलेना. त्याचा बुंधा तीन दगडांवर पसरून मागच्या काचेला चिकटला होता. दोन्ही हातांनी ओढलं. नाही.

लांब छिन्नी आणि हातोडी आणली. इतकं सुंदर पोवळं मोडायचं म्हणून तेव्हाही जीव चुकचुकला. नाही कशाला म्हणू?

छिन्नी बुंध्याला टेकवली.

अगदी हलकेच ठोकलं.

पोवळ्याचा टवकाही उडाला नाही.

आतल्या खोलीतून, झोपेतच, मनू म्हणाली, "बाबा, हळू."