टायरांना उकडत नाही

प्रितेशने मला लग्नाचं विचारलं आणि मी हो म्हटलं. हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. असं काही झालेलंच नाही. मी तनया, भिवंडीजवळच्या दापोड्याच्या गोदामांत दडलेल्या हरित संशोधन इमारतीची गाइड, आणि त्या शनिवारी सकाळी माझं कोणाशीही काहीही नव्हतं.

आमच्याकडे एसी नाही. भिंती मातीच्या, गच्चीवर गवत. दर शनिवारी कोणीही यावं, फुकट बघावं. येतात ते बहुतेक पार्सल शोधत. शेजारच्या वळ गावचा प्रितेश मात्र सलग नऊ शनिवार मुद्दाम आला... स्वतःचं गोदाम थंड कसं ठेवायचं, हे शिकायला म्हणे. मी सांगायची, तो वहीत लिहायचा. एकदा मी वहीत डोकावले. माती, गवत, आणि माझ्या कानातल्यांची यादी — तारखेनिशी! पुढच्या शनिवारी नवीन घातली.

आज दहावा आणि शेवटचा शनिवार. सोमवारपासून बाहेरच्यांना प्रवेश बंद. आज तो बोलला नाही, तर संपलंच.

आणि आज त्याने आईला आणलं होतं.

हौसाकाकूंनी भिंतीवर हात फिरवला. "मातीचा घर पारून आमी बंगला बांधला. न् ही शिकलेली मानसा मातीचा बांधतान!"

मग श्वासाची खोली. लिफ्टएवढी. आत हवा कोंदली की मीटर चढतो आणि खिडक्या आपोआप उघडतात. प्रात्यक्षिकासाठी गाइड आणि एक पाहुणा आत, बाकीचे व्हरांड्यात. पाहुणा कोण, हे गाइड ठरवते. मी ठरवलं.

दोन माणसं असली की दोन मिनिटांत खिडक्या उघडतात. दोन झाली. अडीच झाली. मीटर ढिम्म.

"प्रितेश... तुम्ही श्वास घेताय ना?"

त्याने मान हलवली. नाही.

"कधीपासून?"

"तुम्ही दार लावलंत तवापासून. मधी दोनदा घेतला. सॉरी."

"अहो, घ्या की!"

"घेतला की खिडकी उघडनार. खिडकी उघडली की टूर संपनार. टूर संपली की—"

त्याचे कान जांभळे झाले होते. माझे लाल.

"की... काय?"

"मला गोदाम थंड करायचंच न्हाय!" तो एका दमात सुटला. "गोदामात टायर हायत, टायरांना उकडत न्हाय! मला तू पायजेस, नुसती शनिवारची न्हाय, सगल्या वारांची! लग्न करशील?"

नऊ शनिवारांचं 'तुम्ही' एका श्वासात 'तू' झालं.

"करीन! पण आधी श्वास घे रे!" मी ओरडले.

खट्... खट्... खट्! चारही खिडक्या उघडल्या. बाहेर चौदा माणसं. पुढे हौसाकाकू.

"हो बोलली ना? मंग हालदीला सातशे मानसा. त्याच्या खाली आमच्यात होत न्हाय."

प्रति,
मा. संचालक महोदय,
विषय : हळदीसाठी श्वासाची खोली मिळणेबाबत.

महोदय, वरील सातशे पाहुण्यांना डीजेसह सदर खोलीत एकाच वेळी प्रवेश द्यावा, व समारंभ संपेपर्यंत खिडक्यांनी शक्यतो मनावर घेऊ नये, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
तनया