हिरव्या ठिपक्याचं चाक

घूंऽऽ... खर्र... घूंऽऽ...

दुपार गप्प होती. भांडी पालथी घातलेली, कूलरमधलं पाणी आटलेलं, ठकी झोपलेली... निदान मी तसं समजत होते. गॅलरीतून तो आवाज आला आणि हातातली सुई तशीच थांबली. सायकल अशी कधी वाजली नव्हती. माझ्या लग्नापासून आजपर्यंत एकदाही नाही.

जाऊन बघितलं तर सायकल स्टँडवर आणि ठकीचा अंगठा हँडलच्या बटणावर.

"आई, हिचा घसा बसलाय," ती म्हणाली.

मी बटण सोडवलं, पण आवाज कानातून जाईना. मोटर फिरतेय, मागचं चाक अडखळतंय. आतल्या नायलॉनच्या चाकाचे दात गेले की असंच होतं. हे मला कुणी सांगायला नको. रस्त्यावर हा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हाच तर सगळं सुरू झालं.

तेव्हा मी वाळूजच्या एका कारखान्यात होते. सायकलच्या मोटरमध्ये बसणारी नायलॉनची दातेरी चाकं आमच्याकडं बनायची, आणि ती मोडतात का हे फिरवून बघायचं काम माझं आणि गजालाचं. संध्याकाळी आम्ही दोघी माझ्या स्कूटीवरून शहरात निघालो होतो. नगर नाक्याजवळ उन्हाची शेवटची तिरीप, धूळ... आणि पुढं एक उंच, किडकिडीत मुलगा सायकलशी झटत होता. सायकल जुनी, तिच्या पेडलपाशी मधोमध बसवलेली मोटर मात्र नवी. ती जोरात ओरडत होती आणि सायकल काही हलत नव्हती.

"अगे देख," गजाला मागून म्हणाली, "उने सायकल चला रा की सायकल उसकू?"

मी स्कूटी त्याच्या बाजूला घेतली. "दात गेले तुमचे."

त्यानं चक्क ओठांवर हात नेला. गजाला खिदळली.

"मोटरचे हो! आतल्या चाकाचे. मोटर फिरतीय आणि चेन ओढत नाय, व्हय ना?"

"तुम्हाला न उघडताच कळलं?"

"दिवसभर हेच ऐकते. चाकं मोडायचा पगार घेते मी."

"आणि मी फुकट मोडतो," तो म्हणाला आणि हसला. हसताना त्याचा एक डोळा दुसऱ्याआधी मिटायचा. ते मी तिथंच बघितलं... बघायला नको होतं.

तो सुदर्शन. चिकलठाण्याच्या एका कंपनीत ड्रॉइंग काढायचा आणि सिडकोतल्या घराच्या गच्चीवर जुन्या सायकलींना मोटर बसवायचा. दुसऱ्या दिवशी मी त्याला आमच्याकडचं एक चाक नेऊन दिलं. चाचणीतून पास झालेल्या चाकावर आम्ही ब्रशनं हिरवा ठिपका देतो, नापासावर लाल. त्याच्या तळहातावर मी हिरवा ठिपका ठेवला.

"हा ठिपका तुम्ही दिला?"

"मग कोण देणार?"

"स्वतःच्या हातानं?"

"नाय, पायानं."

त्यानं चाक उजेडात धरलं, फिरवून बघितलं, मग शर्टच्या खिशात टाकलं. "हे नाही बसवणार."

"अहो, पास आहे ते!"

"म्हणूनच. बसवलं तर झिजेल."

आता सांगा, अशा माणसाच्या प्रेमात कोण पडणार नाही?

रविवार आमचे झाले. तो त्याच्या सायकलवर, मी मागून स्कूटीवर. त्याच्या मोटरची परीक्षा घ्यायला दौलताबादचा घाट होताच. सपाटीवर कुठलीही मोटर पळते, तो म्हणायचा, खरी कळते ती चढावर. पहिल्या चढाला मोटर इतकी तापली की बंद पडली. ती गार होईपर्यंत आम्ही रस्त्याकडेला बसून सीताफळं खाल्ली. बघू किती तापलीय म्हणून मी हात पुढं केला, तर त्यानं माझं मनगट धरलं.

"चटका बसेल."

"बसू दे."

"मोटरचा म्हणतोय मी."

"मी कुठं दुसरं काय म्हणतीय?"

मनगट त्यानं लगेच सोडलं नाही. बोटं सीताफळानं चिकट झाली होती, त्याचीही आणि माझीही...

पुढच्या खेपेला चेन तुटली. चढावर पूर्ण जोर चालू ठेवून त्यानं गिअर बदलला होता. मी ओरडले, "गिअर बदलताना जरा हात सैल सोडावा माणसानं! एवढं आवळून धरलं की तुटणारच." तो कान पकडून उभा राहिला, भर रस्त्यात. दगडावर बसलेली सीताफळवाली बाई पदर तोंडाला लावून हसली.

मला वाटायचं, हेच चालत राहावं. मोटर मोडावी, आपण थांबावं, बोलावं, पुन्हा निघावं.

पण त्याला ते मोडणं सहन होत नव्हतं. आता तो ड्रॉइंगची नोकरी सोडून बसला होता. एमआयडीसीत सायकलवर शिफ्टला जाणारी माणसं त्यानं मोजली नव्हती एवढंच. त्या सगळ्यांना स्वस्तात मोटर बसवून द्यायची. मी म्हणाले, चांगलंय की, एकदा घरी येऊन दादांना सांग. दादा म्हणजे माझे वडील, गंगापूरला असतात.

"काय सांगू? नोकरी सोडली आणि मोटर अजून घाटात बंद पडते?"

"त्यांना मोटर नाय बघायची. तू बघायचायस."

"आधी म्हैसमाळ चढू दे, प्रेरणा. खालपासून वरपर्यंत, कुठंही न थांबता. ज्या दिवशी चढेल त्याच दिवशी तुझ्या दारात येतो. ताठ मानेनं."

किती गोड वाटलं होतं मला तेव्हा! आपल्यासाठी कुणीतरी डोंगराशी पैज लावतंय... पैज डोंगराशी होती आणि पणाला मी होते, हे कळायला वेळ लागला.

कळलं ते म्हैसमाळच्याच रस्त्यावर. त्या दिवशी मोटर खरंच छान चालली. दौलताबादचा घाट, खुलताबाद, त्याच्याही पुढं. वरचा मनोरा दिसायला लागला आणि... खर्रर्र. दात गेले. वळणं तेवढी दोन राहिली होती.

"चल, चालत जाऊ," मी म्हणाले. "पोचलोच की."

"चालत पोचणं म्हणजे पोचणं नाही."

"अरे, वर गार वारा असेल. दोन वळणं तर आहेत. चल ना..."

तो खाली बसला होता, मोटरचं झाकण उघडत होता. मी एकटीच वर गेले. कड्यावर उभी राहिले. वारा एवढा की ओढणी हातात धरून ठेवावी लागली. शेजारी एक जोडपं फोटो काढत होतं. त्यातली बाई म्हणाली, ताई, तुमचा काढू का? मी नको म्हणून मान हलवली. खाली आले तेव्हा तो तसाच बसलेला, हात ग्रीसनं काळे. त्यानं वर बघितलंसुद्धा नाही. वर कसं होतं, हेही विचारलं नाही.

"आता पोलादाचं चाक बसवणार," तो मोटरशीच बोलत होता.

"नको बसवू," मी म्हणाले. "नायलॉनचं मऊ ठेवलंय ते उगाच नाय. झटका बसला की ते मोडतं, म्हणून बाकीची मोटर वाचते."

"मला मोडणारं काही नकोच आहे."

"मग भांडायचंपण नाय का आपण कधी?"

त्याला ते कळलं नाही. किंवा कळलं असेल... माहीत नाही.

त्याच सुमाराला वैजापूरकडचं स्थळ आलं. सोमनाथ, बँकेत नोकरी, शांत माणूस. मी क्रांती चौकात सुदर्शनला गाठलं. गाड्यांचा एवढा गोंगाट की ओरडून बोलावं लागत होतं. असली गोष्ट ओरडून सांगायची म्हणजे...

"रविवारी दुपारी बघायला येतायत! त्याच्या आत तू ये. मोटर राहू दे बाजूला. एसटीनं ये, जीपमध्ये कोंबून ये, पण दादांसमोर येऊन बस!"

"येतो ना. पोलादी चाक बसवलंय. रविवारी पहाटे निघतो, म्हैसमाळ करतो आणि तिथूनच सरळ गंगापूर. पाहुण्यांच्या आधी तुझ्या दारात."

"आणि नाय चढली तर?"

"चढणार," तो म्हणाला. तो एक डोळा आधी मिटला. मी त्याच्यावर विश्वास ठेवला. मोटरवर नव्हता माझा, त्याच्यावर होता.

रविवार. सकाळपासून फोन मी ब्लाउजमध्ये खोचलेला. दारात गाडीचा आवाज आला, धावत गेले... पाहुणे. आई पोह्यांवर खोबरं पेरत होती आणि त्याच वेळी छातीशी फोन थरथरला.

"प्रेरणा," तो धापा टाकत होता. "चाक शाबूत आहे. एक दात नाही गेला त्याचा. पण चेन अडकली आणि आतला दांडाच तुटला. कंट्रोलर जळाला. सगळी मोटरच गेली..."

"तू कुठंयस?"

"खुलताबादच्या खाली."

"मग ये! कसाबखेड्याला ये, तिथून लासूर, लासूरहून जीप मिळती. पाहुणे बसू देत, मी चहाला उशीर करते. तू ये फक्त."

"असा? हात बघ माझे. ग्रीस..."

"तसाच ये."

त्याच्या मागं कुठूनतरी ट्रकचा हॉर्न आला.

"तसाच ये रे..." मी पुन्हा म्हणाले.

"एक महिना दे, प्रेरणा. एकच महिना. नवी मोटर लावतो, या वेळी..."

आईनं ट्रे माझ्या हातात दिला. "कोणाचा फोन?"

"कंपनीचा," मी म्हणाले आणि आत गेले.

लग्नाला तो आला. गंगापूरच्या कार्यालयात, इस्त्रीचा शर्ट घालून. हात स्वच्छ, नखांच्या कडासुद्धा. बरोबर गजाला आणि मोटर बसवलेली एक लेडीज सायकल, हँडलला लाल रिबिन बांधलेली. सोमनाथला म्हणाला, "कंपनीतल्या सगळ्यांकडून आहेर." सोमनाथ बिचारे खूश झाले, सायकलभोवती फिरून बघायला लागले. तेवढ्यात तो माझ्यासमोर आला. अक्षता माझ्या केसांत अजून अडकलेल्या होत्या.

"आत नायलॉनचंच चाक बसवलंय," तो म्हणाला. "सीटखालच्या पिशवीत एक जादा ठेवलंय."

एवढंच. मी "जेवून जा" म्हणाले. लग्नात सगळ्यांनाच म्हणतात तसं.

नंतर गजालाकडून कळलं, तो कोइमतूरला गेला. मोटरींच्याच कारखान्यात आहे म्हणे. गच्ची रिकामी केली.

आणि ही सायकल... ही चालत राहिली. हिच्यावर मी भाजी आणली, दवाखान्यात गेले, आता ठकीला पुढच्या सीटवर बसवून बालवाडीत सोडते. उड्डाणपुलाच्या चढावर गिअर बदलताना हात सैल सोडते. पाणी साचलेल्या रस्त्यातून गेली, उन्हात तापली, कधी बंद पडली नाही. सोमनाथ शेजाऱ्यांना सांगतात, "आमच्या हिच्या सायकलसारखी भरवशाची वस्तू नाही बघा घरात." मी हसते. चढावर कधी कधी मनात म्हणते, अगं, एकदा तरी बंद पड. एकदा तरी रस्त्याच्या कडेला थांबव मला.

आज पडली.

मी जुना टॉवेल अंथरला, झाकणाचे स्क्रू काढले. आतलं चाक पांढरं, दात झिजून बोथट झालेले. एक सबंध मोडून पडलेला. बाकी सगळं धड होतं. दांडा धड, कंट्रोलर धड.

"मेलं का ते?" ठकीनं विचारलं.

"हं. त्यानं बाकीच्यांना वाचवलं."

सीटखालची पिशवी मी आजवर उघडली नव्हती. उघडायची गरजच पडली नव्हती... किंवा मी पडू दिली नव्हती. फडक्यात गुंडाळलेलं चाक निघालं. नवंकोरं. फडकं सोडवलं.

चाकावर हिरवा ठिपका होता. थोडा वेडावाकडा, एका बाजूला ओघळलेला. माझ्या ब्रशचा.

बसवलं तर झिजेल, म्हणाला होता. शर्टच्या खिशात टाकलं होतं. त्याच्या सगळ्या मोटरी मोडल्या, घाटात, रस्त्यात, पण हे त्यानं एकदाही आत घातलं नाही. आणि मला जाताना देऊन गेला... माझ्याच संसाराच्या सायकलीत बसवायला.

उद्या ठकीची बालवाडी आहे. सोमनाथ म्हणतील, दुकानात टाकू. दुकानदार दुसरंच काहीतरी बसवील. मी ग्रीसचा डबा उघडला. चाकाला बोटानं ग्रीस लावलं, दातादातांत. हिरवा ठिपका ग्रीसखाली गेला. जागेवर बसवलं, झाकण लावलं, स्क्रू आवळले. फार आवळले नाहीत.

"दाब," मी म्हणाले.

ठकीनं अंगठा टेकवला. घूंऽऽ... नुसतं गुळगुळीत घूंऽऽ. मागचं चाक फिरायला लागलं. ठकी टाळ्या वाजवून नाचली, मग एकदम थांबली. माझ्या काळ्या झालेल्या हातांकडं बघायला लागली.

"आई, ही सायकल कुणी केली?"

"एका काकांनी."

"हे चाकपण त्यांनीच दिलं?"

"हं."

"अजून आहे का पिशवीत?"

"नाही गं. हे शेवटचं."

तिनं रिकाम्या पिशवीत हात घालून बघितलं, उलटी करून झटकली. मग माझ्या गुडघ्याला टेकून, अगदी हळू आवाजात विचारलं,

"मग आई... हे मोडलं की ते काका येतील ना?"