सहाशे किलोच्या आत

गिर्यारोहण मंडळाच्या उन्हाळी मोहिमेचं सगळं ठरत आलं होतं. रेल्वेने दोन दिवस उत्तरेकडे, मग डोंगरात चार मुक्काम आणि शेवटी बेटांवरचे उभे कडे. सात जण जाणार होते. बेटांवर नेणारा बोटवाला मात्र दरवर्षीप्रमाणे अडून बसला होता. माणसं आणि सामान मिळून सहाशे किलोच्या आत बसलं पाहिजे, नाहीतर मधल्या खाडीत होडी पाणी घेते, असं त्याचं म्हणणं. त्याच्याशी हुज्जत घालायची कुणाची छाती नव्हती.

म्हणून रविवारी दुपारी, भट्टी थंड असताना, बेकरीच्या कोठारात वजनं व्हायची. बेकरीवाला मंडळातलाच. मैद्याची पोती तोलायचा लोखंडी वजनकाटा त्याच्याकडे होता, तबकडी चांगली ताटाएवढी. भरलेली सॅक पाठीवर घेऊन एकेकाने उभं राहायचं, दुसऱ्याने आकडा मोठ्याने वाचायचा आणि पुढच्या खोलीत बसलेल्या बाईंनी तो कागदावर लिहायचा. बाई शाळेत भूगोल शिकवत आणि मंडळही वर्गासारखंच चालवत.

पहिल्या रविवारी चष्मेवाला चढला आणि काटा एकशे चारवर थांबला. गेल्या वर्षी तो सॅकसकट एक्क्याण्णव भरला होता.

"वहिनी अजून लाड करतायत वाटतं!" बेकरीवाला म्हणाला.

सगळे हसले. चष्मेवालाही हसला. पण त्याचा कमरेचा पट्टा जुन्याच भोकात लागत होता. सॅकमध्येही नेहमीचंच सामान होतं.

त्या आठवड्यात त्याच्या चष्म्यांच्या दुकानात गिऱ्हाइकाचे डोळे तपासताना त्याचं गोल स्टूल त्याच्याखाली हळूहळू बसत गेलं. त्याने ते वर केलं, ते पुन्हा बसलं. घरी जाताना लिफ्टमध्ये दोन शेजारणी आणि तो, तिघंच होते, तरी जास्त माणसांची घंटा वाजली. एक शेजारीण बाहेर आली. घंटा थांबेना. तो बाहेर आला तेव्हा थांबली. चार मजले तो पायऱ्यांनी चढला आणि बायकोला काही बोलला नाही.

न बोलायची आता त्याला सवयच झाली होती. मंडळाची एक जुनी रीत होती. दोराला बांधून घेतलं की जोडीदाराने तुमच्या गाठीवरून हात फिरवायचा आणि "पाहिली!" म्हणून ओरडायचं. त्याशिवाय कुणी कड्याला हात लावत नसे. गेल्या उन्हाळ्यात बेटावर झिमझिम पाऊस होता. चष्मेवाल्याचा जोडीदार म्हणजे त्याचा मेहुणा, बायकोचा एकुलता एक भाऊ. तो गाठ मारून उभा राहिला, तेव्हा चष्मेवाला चष्म्याच्या काचा पुसत होता. मान वर न करताच तो ओरडला, "पाहिली!" मेहुणा बिनघोर वर चढला. बारा पुरुष उंचीवर त्याने दोरावर भार टाकला, आणि गाठ सुटली.

गाठ मेहुण्यानेच चुकीची मारली, भारी निष्काळजी माणूस, असंच तो गेल्यावर सगळे म्हणाले. चष्मेवाला मूग गिळून बसला. बायको रडून रडून भावालाच दोष द्यायची, आणि हा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहायचा. त्या वेळी त्याला स्वतःची किळस यायची.

दुसऱ्या रविवारी काटा एकशे अडतीसवर गेला. या वेळी कुणी हसलं नाही. बेकरीवाल्याने पन्नास किलोचं पोतं ठेवून पाहिलं. बरोबर पन्नास भरलं.

तिसऱ्या रविवारी एकशे चौऱ्याहत्तर.

"याला घरीच ठेवा," बाई पुढच्या खोलीतून ओरडल्या. "नाहीतर मोहीमच रद्द!"

चष्मेवाल्याने मनात त्यातून एक्क्याण्णव वजा केले. त्र्याऐंशी. बाईंच्या फाइलीत गेल्या वर्षीचा कागद होता. तो बघायची गरज नव्हती. मेहुण्याचा हाच आकडा तेव्हा त्यानेच वाचला होता.

बाकीचे पुढच्या खोलीत कॉफीला गेले. कोठारात मेहुण्याची मुलगी तेवढी मागे राहिली. ती यंदा पहिल्यांदाच येत होती आणि तिने हट्ट धरून काकांच्याच दोराला नाव लावून घेतलं होतं.

"काका, तुम्ही यायलाच हवं," ती म्हणाली. "बाबांची गाठ कुठे चुकली, ते तुम्हीच मला दाखवू शकाल. सगळे त्यांना निष्काळजी म्हणतात. मला नाही पटत."

चष्मेवाला पोत्यांवर बसला. त्याच्याखाली मैदा दबत गेला.

"मी हात लावला नव्हता," तो म्हणाला.

"कशाला?"

"त्याच्या गाठीला. बघितलंही नाही. नुसताच ओरडलो."

पुढच्या खोलीत कपांचा आवाज होत होता.

"आत्याला माहीत आहे?"

"नाही. कुणालाच नाही. आज घरी जाऊन सांगतो."

"नका सांगू." तिने डोळे पुसले. "आत्या तुमच्यासोबत एक दिवस राहणार नाही. तिला तरी दुसरं कोण आहे? राहू द्या. माझ्याजवळ राहू द्या हे."

त्याने नाही म्हणायला हवं होतं. ते त्याला त्या क्षणीही कळत होतं. पण त्याचा जीव इतका भांड्यात पडला, की त्याने फक्त मान हलवली.

तो उठला. गुडघे हलके वाटले. सॅक घेऊन तो काट्यावर चढला.

"एक्क्याण्णव," तिने वाचलं.

"अरे वा!" बेकरीवाला पुढच्या खोलीतून म्हणाला. "काटाच अडकला होता म्हणा की!"

"मुलीचं राहिलंय," बाई म्हणाल्या. "तेवढं सांगा, म्हणजे बेरीज करते."

ती चढली. लहानखुरी पोर, सॅकसकट साठ-बासष्ट भरेल एवढीच. काटा साठपर्यंत भरकन आला.

थांबला नाही.

शंभर. एकशे वीस. सावकाश, पोतं कुणीतरी जपून खाली ठेवावं तसा, तो पुढे सरकत राहिला.

एकशे पंचेचाळीस.

तिच्या उभं राहण्याच्या जागेवरून तबकडी दिसत नव्हती.

"किती, काका?" तिने विचारलं.

लोखंडी पाट तिच्या पायांखाली करकरला. चष्मेवाल्याने चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने काचा पुसायला घेतल्या.

"बासष्ट!" तो मोठ्याने म्हणाला.

"बासष्ट," बाईंनी लिहून घेतलं. "एकूण पाचशे एक्क्याऐंशी. बसलो बाई एकदाचे!"

आणि त्यांनी तिथूनच बोटवाल्याला फोन लावला.